आतल्या खोलीतली नावं

फोटो बघितल्याबरोबर मी ओळखलं की तो आमच्या घरातून गेलेला आहे.

दुपारची वेळ होती. मुलगा जेवून आत लवंडला होता आणि मी स्टुडिओच्या काउंटरवर बसून पासपोर्टचे फोटो कापत होते. नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही, पण कटरवर हात अजून सरळ चालतो. समोरच्या औषधांच्या दुकानाच्या बाई आत आल्या आणि त्यांच्या मागून त्यांची मुलगी. नववीतली पोर. तोंडावर मास्क, कपाळावर ओढलेली टोपी, मधे नुसते डोळे, आणि तेही फरशीकडे.

"फोटो हवेत. दुसऱ्या शाळेच्या फॉर्मला लावायला," बाई म्हणाल्या.

"उठवते मुलाला. बस गं त्या स्टुलावर. मास्क काढ आणि केस जरा मागे घे."

मुलगी हलली नाही.

"काढ ना," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आठ दिवस झाले, घरातसुद्धा काढत नाही. जेवते तीही भिंतीकडे तोंड करून."

"मला नाही काढायचा फोटो," मुलगी म्हणाली, आणि रस्ता ओलांडून सरळ त्यांच्या दुकानात, औषधांच्या कपाटांमागे गेली.

बाईंनी फोन माझ्यापुढे धरला. मी कटर खाली ठेवून चष्मा सारखा केला.

एकाखाली एक चित्रं होती. प्रत्येकात त्याच मुलीचं तोंड. डोळे अर्धे मिटलेले, पांढरं दिसतंय, ओठ थोडेसे उघडे. ते तोंड कधी बस चालवणाऱ्याच्या धडावर, कधी गोलकीपरच्या, कधी दवाखान्याच्या स्ट्रेचरवर, कधी बागेतल्या पुतळ्यावर. वर त्या नेटवरच्या पानाचं नाव, मोठ्या अक्षरांत: पेंगाबाई. खाली शेकड्यांनी हसणारी तोंडं. कुणी लिहिलं होतं, 'हळू बोला, उठेल.' त्याखाली दुसऱ्यानं, 'उठलीच नाही तर बरं.'

"वर्गात शिरली की मागच्या बाकांवरून घोरतात," बाई म्हणाल्या. "मास्तर फळ्याकडे वळले की घोरतात. कोण करतंय ते सगळ्यांना माहीत आहे."

"कोण?"

"कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याची मुलगी. बाप लोकांची कुलपं उघडतो, पोरगी लोकांचे फोन उघडते. दोघी आधी एका बाकावर बसायच्या, मग काहीतरी बिनसलं. सोमवारी शाळा तिचं नाव काढून टाकतेय. आता काढून काय उपयोग म्हणा. माझी काही त्या शाळेत परत जायची नाही."

"तिनं कबूल केलं?"

"कबूल कशाला करेल? नुसती रडते. तुम्ही तरी काय विचारताय, काकू!"

त्या गेल्या. मी कटर पुन्हा हातात घेतला आणि एका माणसाचा कान कापला.

आमच्या धंद्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर मला काय दिसलं ते कळणार नाही. शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो माझा मुलगा काढतो. शाळेच्या सभागृहात आमचा करडा पडदा लावायचा, पोरं रांगेनं बसवायची, प्रत्येकाचे चार फोटो घ्यायचे. चारातला एक चांगला निवडून शाळेकडे जातो. उरलेले तीन आमच्या कॉम्प्युटरमध्ये राहतात, 'नापसंत' नावाच्या फोल्डरमध्ये. औषधवाल्या बाईंच्या मुलीचा डोळे मिटलेला फोटो नापसंतातला होता. तो शाळेनं पाहिला नव्हता, मुलीनं पाहिला नव्हता, किल्लीवाल्याच्या मुलीनं तर नव्हताच नव्हता.

दुसरी गोष्ट हनुवटीखालची सावली. शाळकरी पोरं एकाचं डोकं कापून दुसऱ्याच्या धडाला लावतात, ते मी पुष्कळ पाहिलंय. मान तुटलेली दिसते, कारण सावली कुणी करत नाही. इथे प्रत्येक चित्रात सावली नव्यानं घातलेली होती. बसमध्ये खिडकी उजवीकडे म्हणून सावली डावीकडे. बागेत ऊन डोक्यावर म्हणून सावली सरळ गळ्यावर, कडेला विरत गेलेली. ती कड तशी विरवायला मला तरुणपणी दोन वर्षं लागली होती. आणि पुढे ती मी एकाच माणसाला शिकवली. खोटं कशाला बोलू, बाईंच्या हातातला फोन बघताना माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते असं, की काम चांगलं झालंय. ते तोंड कुणाचं आहे, हे त्यानंतर.

तिसरी गोष्ट ते नाव. पेंगाबाई म्हणायला आता कोण उरलंय? हल्लीच्या पोरांच्या तोंडात असला शब्द नसतो. तो माझा होता.

मी एकोणिसाव्या वर्षी या स्टुडिओत रिटचिंगला लागले. तेव्हा आतल्या खोलीत आम्ही तिघीजणी तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीनं लोकांचे वण बुजवायचो, सुरकुत्या पुसायचो. निगेटिव्हवर फक्त नंबर असे. नंबर लक्षात राहत नाहीत, म्हणून आम्ही प्रत्येक चेहऱ्याला नाव ठेवायचो. 'आज चार नाकाडे आहेत,' 'ती भोपळाबाई झाली का गं?' असं दिवसभर चाले. हसून हसून पेन्सिल हलायची. मालकांना ते माहीत होतं. त्यांचे नियम दोनच. बिघडलेली प्रत चार तुकडे करून बंबात टाकायची, म्हणजे डोळे मिटलेला माणूस दुकानाबाहेर जाता कामा नये. आणि आतल्या खोलीतलं नाव आतल्या खोलीतच राहिलं पाहिजे.

ती खोली अजून आहे. तिथे कॉम्प्युटर आला, बंब भंगारात गेला. मुलाला मी एकदा म्हटलं होतं, नापसंत फोटो पुसून टाकत जा. तो म्हणाला, "राहू दे गं आई, जागा भरपूर आहे." आणि गेल्या सुट्टीत, नातीला माझ्याजवळ बसवून काम शिकवताना, मीच ते फोल्डर उघडलं होतं. सराव करायला बिघडलेले चेहरे बरे असतात. एकेक चेहरा उघडायचा आणि मी त्याला नाव ठेवायचं. नात पोट धरधरून हसायची. "आजी, आणखी एक! आणखी एक!" सोळा वर्षांची मुलगी फोन बाजूला ठेवून म्हातारीजवळ तासन्‌तास बसते, याचं मला कोण अप्रूप! त्या खोलीत आम्ही दोघीच होतो.

नात त्याच शाळेत आहे. तिला घरात बटण म्हणतात. दोन वर्षांची असताना तिनं बापाच्या सदऱ्याचं बटण गिळलं होतं.

त्या संध्याकाळपासून मी घरातल्या माणसांवर नजर ठेवू लागले. आपल्याच माणसांकडे चोरून बघण्याइतकं वाईट काम नाही. चांगलं काही दिसलं तरी त्यात खोट दिसते. बटणनं न सांगता ताटं उचलली. मी मनात म्हटलं, का उचलली? फोन ती टेबलावर पालथा ठेवत होती. पूर्वीही पालथाच ठेवायची का? आठवेना. माझी आठवण चांगली आहे, पन्नास वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाचा तीळ कुठल्या गालावर होता ते मी सांगेन, पण नातीचा फोन सुलटा असतो की पालथा, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

सून दवाखान्यात नर्स आहे. घरी आली की पाय वर करून पडणारी बाई. ती त्या दिवशी उठून म्हणाली, "बटण, तुझा फोन माझ्या खोलीत चार्जिंगला लावते." मुलगी निमूट फोन देऊन मोकळी झाली. मी मनात म्हटलं, हे कधीपासून?

जेवणं झाल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर लावला. मला तेवढं येतं. नापसंत उघडलं. आत काहीच नव्हतं. साडेतीनशे पोरांचे हजारावर फोटो, एकही नाही.

"नापसंतातले फोटो कुठे गेले रे?" मी मुलाला विचारलं.

तो कॅमेऱ्याची काच पुसत होता. "पुसले."

"का?"

"जागा करायला."

"जागा भरपूर आहे म्हणाला होतास."

"तेव्हा होती." काच स्वच्छ झाली होती तरी तो पुसतच होता. "तूच तर मागे लागली होतीस ना पुस म्हणून? आता पुसले तर विचारतेस का पुसले!"

"कधी पुसलेस?"

"आई, पोलीस झालीस का तू? जा, झोप."

तो असा बोलत नाही. लहानपणी काचेची प्लेट फोडली तेव्हा बोलला होता.

शनिवारी सकाळी मी बटणला आतल्या खोलीत बोलावलं.

"बटण, ये गं, जरा हे फोटो पाकिटात भर."

"आजी, तसं नको ना हाक मारूस. बाहेर ऐकू जातं."

"जाऊ दे की. तुझंच नाव आहे."

"ते माझं नाव नाहीये." ती बसली. पाकिटं पुढे ओढली. "एकदा मैत्रिणींसमोर बाबांनी म्हटलं तर महिनाभर मला सगळ्या शर्टाची बटणं दाखवत होत्या."

तिचे हात चालत होते, मग हळू झाले, मग थांबले. आपण काय बोललो ते तिलाच ऐकू आलं असावं.

"सावली छान जमली आहे," मी म्हटलं. "बसमधली तर फारच."

ती लाल झाली, आणि मग पांढरी. वाटलं, आता कानावर हात ठेवेल. तिनं ठेवले नाहीत.

"पान मी नाही काढलं, आजी."

"मग कुणी?"

"आमचा ग्रुप आहे, पाचजणींचा. मी फक्त एक फोटो पाठवला होता. म्हटलं, आजीनं हिचं नाव काय ठेवलंय बघा. त्या खूप हसल्या."

"पुढे?"

"पुढे कुणीतरी पान काढलं. पासवर्ड पाचजणींकडे आहे. पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला खरंच आठवत नाही. सगळ्या एकदम म्हणाल्या. मग एकीनं तिचं डोकं गोलकीपरला नुसतं चिकटवून टाकलं. इतकं घाण दिसत होतं! मान तुटल्यासारखी. मला बघवेना. मी फक्त नीट केलं."

"नीट केलंस."

"एकच करणार होते. मग त्या म्हणाल्या, पुढचे पण तूच कर, तुझे खरे वाटतात. नाही म्हटलं असतं तर..." ती थांबली. "माझेही नापसंत फोटो असतील ना कुणाकडे तरी."

"आणि किल्लीवाल्याची मुलगी?"

"तिचा काहीच संबंध नाही."

"हे कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्यापासून." आता ती रडू लागली, पण मी तिला जवळ घेतलं नाही. तिनं नाक पुसलं आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "आणि पेंगाबाई नाव कुणी ठेवलं, आजी? मी नाही ठेवलं."

टोमणा नव्हता तो. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं की या सगळ्यात माझा भाग केवढा धरायचा. मी उठून वरच्या खणातला पत्र्याचा डबा काढला आणि त्यातला एक फोटो तिच्यापुढे ठेवला. कृष्णधवल, कोपरे पिवळे पडलेले. एक तरुण बाई, गुळगुळीत चेहऱ्याची.

"किती सुंदर आहे! कोण ही?"

"हिच्या तोंडावर देवीचे वण होते. तिळाएवढी जागा मोकळी नव्हती. मी अकरा दिवस बसून एकेक वण भरला. लग्नासाठी फोटो दाखवायचा होता. आतल्या खोलीत आम्ही तिला चाळणी म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं. ती फोटो न्यायला आली त्या दिवशी प्रती खाली वाळत घातलेल्या असत, मी जिन्यातून ओरडले, 'चाळणी वाळली का गं?' ती जिन्यातच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, फोटो घेतलाच नाही, तशीच खाली उतरली."

"मग?"

"मालकांनी तिघींना उभं केलं. कोण ओरडलं? मी गप्प. निगेटिव्ह माझ्या शेजारणीच्या टेबलावर होती, ती उंचीनं मोठी, आवाजानं मोठी. सगळ्यांना वाटलं तीच. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. म्हटलं असतं तर माझं नाव घेता आलं असतं तिला. घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही."

बटण फोटोकडे बघत होती.

"पुढच्या वर्षी मालकांनी मला सून करून घेतलं. सगळ्यांना सांगायचे, पोरगी तोंड सांभाळून आहे."

"आजोबांना माहीत होतं?"

"कुणालाच नाही. बावन्न वर्षांत तू पहिली."

खोलीबाहेर फरशीवर पाऊल वाजलं. मुलगा दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"तुला माहीत होतं," मी त्याला म्हटलं.

"त्या पानावरचा फोटो ओळखला मी, परवाच," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हणून तर पुसले. कुणी तपासायला आलं तर इथे काही सापडायला नको."

"आणि किल्लीवाल्याची पोर?"

"आई, लहान आहेत त्या. दुसऱ्या शाळेत जाईल, विसरेल. आणि शाळेचं काम आहे म्हणून हे दुकान उघडं आहे. बाकी जग फोनवर फोटो काढतं. मी काय, घराला आग लावू?"

"बटणला तर विचारायचंस!"

"विचारलं असतं तर कळलं असतं," तो म्हणाला. आणि मग स्वतःच्याच बोलण्यानं खजील होऊन मान खाली घातली.

संध्याकाळी सून आली. पर्स खुंटीला अडकवताना तिनं आमचे तिघांचे चेहरे पाहिले आणि ती ओळखून चुकली. चहासुद्धा न घेता खुर्चीवर बसली.

"मी फोन रोज बघत होते," ती म्हणाली. "वाट बघत होते, ही आपणहून सांगेल. मग वाटायचं, उद्या सांगेल. सोमवारची मी रजा टाकली आहे."

म्हणजे घरात चार माणसं, चौघांनाही माहीत, आणि चौघंही एकमेकांपासून मूग गिळून बसलेली. मी घरभर चोर शोधत फिरत होते आणि बाकीची तिघं माझ्यापासून तोंड लपवत होती.

"उद्या रविवार आहे," मुलगा म्हणाला. "नीट विचार करू."

"विचार केला की आपण गप्प बसतो," सून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तो नर्सचा आवाज होता, सुई टोचण्याआधीचा.

सोमवारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. किल्लीवाला उभाच होता, कामाचा पट्टा कमरेला तसाच; त्यातल्या किल्ल्या त्यानं एका हातानं घट्ट धरल्या होत्या, वाजू नयेत म्हणून. त्याची मुलगी भिंतीला चिकटून. औषधवाल्या बाई आणि त्यांची मुलगी खिडकीशी. मास्क, टोपी, सगळं तसंच.

मुख्याध्यापिका कागदावर सही करायच्या बेतात होत्या. आम्ही चौघं आत शिरलो तेव्हा त्यांना वाटलं ओळखपत्रांचं काहीतरी काम असेल.

"नंतर या ना," त्या म्हणाल्या.

"नंतर उपयोग नाही," मी म्हटलं. "ही मुलगी निर्दोष आहे. फोटो आमच्या कॉम्प्युटरमधून गेला. सांग गं."

बटणनं सांगितलं. पाठ केल्यासारखं सांगायला लागली, मधेच अडखळली, मग पुन्हा पहिल्यापासून. चार मैत्रिणींची नावं लिहिलेला कागद टेबलावर ठेवला.

मला वाटलं होतं, आता औषधवाल्या बाई आमच्यावर तुटून पडतील. त्या किल्लीवाल्याकडे वळल्या. "तुम्ही सांगितलंत ना यांना? आपली पोरगी वाचवायला म्हातारीला पुढे केलंत!"

"मी यांना ओळखतसुद्धा नाही हो," किल्लीवाला म्हणाला. "एकदा यांच्या कपाटाची किल्ली करून दिली होती, बस."

"मग ही मुलगी आजच का बोलतेय? इतके दिवस कुठे होती?"

सुनेनं पुढे होऊन बटणचा फोन बाईंच्या हातात दिला. ग्रुप उघडलेला होता. बाई वाचत गेल्या. वर, आणखी वर, पहिल्या निरोपापर्यंत. मग फोन टेबलावर ठेवला, आणि बोट पदराला पुसलं.

"आणि पेंगाबाई हे नाव मी ठेवलं आहे," मी म्हटलं.

मुख्याध्यापिका अवघडल्या. "आजी, तुम्ही घरात गमतीनं काही म्हणालात, त्याचा शाळेच्या चौकशीशी काही..."

"घरातूनच आलंय ते इथे."

"तरी पण पान नेमकं उघडलं कुणी, ते कळायला हवं. कुणावर तरी जबाबदारी निश्चित करावी लागेल ना मला. कागदावर एक नाव लागतं."

एक नाव. मालकांनाही तेव्हा एकच लागलं होतं.

"पाच लिहा," माझा मुलगा म्हणाला. आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. घसा खाकरून तो पुढे म्हणाला, "आणि फोटो न पुसता ठेवणारा आणि नंतर लपवायला पुसणारा, म्हणून माझं लिहा. काम काढून घ्यायचं तर घ्या."

त्यानंतर पहिल्यांदा ती मुलगी बोलली. मास्कमधून आवाज दबलेला, पण मलाच विचारत होती.

"तुम्ही पण हसलात?"

"हो."

"खूप?"

सुनेनं माझ्या कोपराला हात लावला. मी म्हटलं, "पोट धरून."

ती रडली नाही. "तुमच्या समोर राहते मी. सात वर्षं. रोज तुम्हाला काउंटरवर बघते. माझं नाव माहितीये तुम्हाला?"

तिच्या आईला मी औषधवाल्या बाई म्हणत होते. तिला मी त्यांची मुलगी म्हणत होते. तिच्या फोटोंच्या पाकिटाचा नंबर आठवत होता, दोनशे सतरा. नाव नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

तिनं सांगितलं. मी ते तिच्यासमोर एकदा म्हटलं, नीट, सगळी अक्षरं. इथे मी ते लिहीत नाही. तिनं ते मला सांगितलं होतं, तुम्हाला नाही.

किल्लीवाल्याच्या मुलीचं नाव शाळेत राहिलं. बटण आणि तिच्या चार मैत्रिणींना टर्म संपेपर्यंत घरी बसवलं. त्यातल्या दोघींच्या आया आमच्या दारात येऊन म्हणाल्या, म्हातारीनंच शिकवलं आणि आमच्या पोरी गोवल्या. मी ऐकून घेतलं. त्यातलं अर्धं खरंच होतं. शाळेचं काम गेलं. पान बंद झालं.

नऊ दिवसांनी दुसरं उघडलं. तोच फोटो, तेच नाव. बटणनं मला आणून दाखवलं. "आजी, शप्पथ, मी नाही."

मी चष्मा सारखा केला. मुलीचं डोकं एका घोड्यावर बसवलं होतं. हनुवटीखाली सावली नव्हती. मान तुटलेली. माझा जीव भांड्यात पडला, हे आमच्या घरातलं नाही. आणि लगेच मला माझीच किळस आली. घरातला नाही म्हणून तो फोटो तिचा थोडाच कमी झाला होता?

"काय करू?" बटणनं विचारलं.

"मला काय विचारतेस? मी तर बावन्न वर्षं काहीच केलं नाही."

ती फोन घेऊन बाहेर पडली, दोन्ही बाजूंना बघून रस्ता ओलांडला. औषधवाल्या बाईंनी तिला येताना पाहिलं आणि काउंटरची फळी खाली पाडली, आत येऊ नये म्हणून. बटण फळीच्या अलीकडे थांबली. बाई काहीतरी बोलल्या. चेहरा बघून कळत होतं की बरं नव्हतं. बटणनं मान हलवली, पण गेली नाही. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, ती वळून बघत होती.

मग तिनं कपाटांकडे तोंड करून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, त्या मुलीला तिच्या नावानं हाक मारली.

मी कटर खाली ठेवला. कपाटांमागे काहीतरी हललं.